‘हॅव बीन’, ‘हॅज बीन’, ‘हॅड बीन’: वर्गात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

नाशिकला पंचवटी कारंजाच्या मागच्या गल्लीत माझा इंग्रजी बोलण्याचा छोटासा वर्ग आहे. सकाळी कॉलेजची मुलं येतात, संध्याकाळी सातनंतर सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून सुटलेली मंडळी, आणि शनिवारी दिंडोरी-निफाडकडचे काही जण. वय, शिक्षण, गाव सगळं वेगळं, पण फळ्यावर ‘बीन’ लिहिलं की सगळ्यांचे चेहरे सारखेच होतात. खालचे प्रश्न त्यांचेच आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत, कारण अडचण बोलतानाच येते. कागदावर हे सगळ्यांना जमतं.

‘बीन’ म्हणजे मराठीत काय?

एका शब्दात काहीच नाही. तो एक शब्द शोधत बसल्यामुळेच निम्मा घोळ होतो.

‘बीन’ हे ‘टू बी’ या क्रियापदाचं तिसरं रूप. म्हणजे ‘असणे’चं. एकटं ते सहसा उभं राहत नाही, त्याच्या आधी ‘हॅव’, ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ लागतं. आणि पुढे काय येतं त्यावर मराठी अर्थ ठरतो. पुढे ‘आयएनजी’वालं क्रियापद आलं तर काहीतरी तेव्हापासून चालू आहे: ‘इट हॅज बीन रेनिंग’, पाऊस पडतोय, मघापासून. पुढे तिसरं रूप आलं तर कुणीतरी ते काम केलं आहे, कुणी ते महत्त्वाचं नाही: ‘द रोड हॅज बीन क्लोज्ड’, रस्ता बंद केलाय. आणि पुढे नुसतं ठिकाण, विशेषण किंवा नाम आलं तर साधं ‘असणं’: ‘शी हॅज बीन इल’, ती आजारी आहे, काही दिवसांपासून.

बाकीचं सगळं या तिन्हींचंच पोटभाडेकरू आहे.

‘ॲम’, ‘इज’, ‘वॉज’, ‘बीन’ ही एकाच क्रियापदाची रूपं कशी? एकाचाही चेहरा दुसऱ्याशी जुळत नाही.

हा प्रश्न मला फार आवडतो आणि तो नेहमी मागच्या बाकावरून येतो. खरं आहे, ती मुळात तीन वेगवेगळी क्रियापदं होती. शेकडो वर्षांत ती एकाच घरात राहायला आली. आणि गंमत म्हणजे तिन्हींचे चुलत नातेवाईक आपल्याकडे आहेत. ‘ॲम’ आणि ‘इज’ हे संस्कृतातल्या ‘अस्मि’ आणि ‘अस्ति’ यांच्या कुळातले, म्हणजे ‘अस्’ धातू. ‘बी’ आणि ‘बीन’ हे ‘भू’ धातूच्या कुळातले, ज्यातून ‘भवति’ झालं आणि प्राकृतातून घासत घासत आपलं ‘होणे’ आलं. आणि ‘वॉज’ हा ‘वस्’चा भाऊबंद. ‘वस्’ म्हणजे राहणे, मुक्काम करणे. आपली ‘वस्ती’ त्याच धातूची.

म्हणजे ‘बीन’ आणि ‘होणे’ हे लांबचे भाऊ. हे सांगितल्यावर वर्गातली भीती जरा उतरते असा माझा अनुभव आहे. परीक्षेत मात्र कुणी विचारणार नाही.

‘मी दहा वर्षांपासून नाशिकला राहतोय’ याचं ‘आय ॲम लिव्हिंग इन नाशिक सिन्स टेन इयर्स’ का होत नाही? शब्दाला शब्द तर जुळतोय.

जुळतोय म्हणूनच तर चुकतंय. 

मराठी वाक्यात दोन गोष्टी दोन वेगळ्या शब्दांनी सांभाळल्या आहेत. ‘पासून’ने सांगितलं की हे मागे कधीतरी सुरू झालं. ‘राहतोय’ने सांगितलं की आजही चालू आहे. काम वाटून दिलंय, क्रियापद निवांत वर्तमानात बसलंय. इंग्रजीला ही वाटणी चालत नाही. तिथे सुरुवात आणि आज ही दोन्ही टोकं क्रियापदानेच धरायची: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन नाशिक फॉर टेन इयर्स.’ ‘हॅव’ आजचं टोक, ‘बीन’ मागचं टोक, ‘लिव्हिंग’ मधली चालू दोरी.

यात आपल्याला कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. जर्मन आणि फ्रेंच लोकसुद्धा अशा वाक्यात आपल्यासारखंच साधं वर्तमान वापरतात आणि इंग्रजी बोलताना त्यांचाही पाय इथेच घसरतो. विक्षिप्तपणा इंग्रजीचा आहे.

आणि मराठीत हे रूप अगदीच नाही असंही नाही. ‘आम्ही पिढ्यान् पिढ्या इथेच राहत आलोय’, ‘मी हे वर्षानुवर्षं सांगत आलेय’. हे ‘-त आलोय’ म्हणजे तंतोतंत ‘हॅव बीन’ आणि ‘आयएनजी’. लांब पल्ल्याच्या गोष्टीसाठी आपण ते वापरतो, तासा-दोन तासांच्या गोष्टीसाठी ‘पासून’वर भागवतो. त्यामुळे वाक्यात ‘पासून’ आणि चालू क्रिया एकत्र दिसली, किंवा ‘-त आलोय’ ऐकू आलं, की ‘हॅव बीन’ची तयारी ठेवायची. तक्ता पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या मराठी क्रियापदाचं शेपूट नीट ऐका. निम्म्याहून जास्त उत्तरं तिथेच असतात.

पण ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ म्हटलं तरी समोरच्याला कळतंच की. मग एवढा अट्टहास कशाला?

कळतं. नाशिकपासून नागपूरपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि समोरचाही बहुतेक तसंच बोलत असतो. या चुकीने कुणाची नोकरी गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

पण ती चूक टाळायला गेलेला माणूस जिथे जातो ती जागा महागात पडते. माझा एक विद्यार्थी अंबडला एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीचं काम बघायचा. पुण्याच्या मुलाखतीसाठी त्याने स्वतःची ओळख घोकून ठेवली होती. ‘आय ॲम वर्किंग’ चुकीचं, एवढं त्याला माहीत होतं, म्हणून त्याने सुरक्षित म्हणून भूतकाळ घेतला: ‘आय वर्क्ड इन क्वालिटी फॉर फोर इयर्स.’ समोरून पहिला प्रश्न आला, ‘व्हाय डिड यू लीव्ह?’ हा गडबडला. त्याने कुठे सोडली होती? त्याच दिवशी दुपारची शिफ्ट बदलून तो मुलाखतीला बसला होता. पण त्याच्या वाक्याने सांगितलं होतं की ते काम संपलं. साधा भूतकाळ म्हणजे दार लावून घेतलं. ‘आय हॅव बीन वर्किंग इन क्वालिटी फॉर फोर इयर्स’ म्हणजे दार उघडं, मी अजून आत आहे.

संध्याकाळी वर्गात येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा सगळे हसले, तोही हसला. मी मात्र त्या दिवसापासून हा धडा तिसऱ्या आठवड्याऐवजी पहिल्या आठवड्यात घेते.

‘सिन्स’ कुठे आणि ‘फॉर’ कुठे?

दोष ‘पासून’चा आहे. आपण ‘२०१५पासून’ही म्हणतो आणि ‘दहा वर्षांपासून’ही म्हणतो. एकच प्रत्यय दोन्हीकडे. इंग्रजीत ही दोन कामं वेगळी आहेत.

मराठीत प्रश्न विचारून बघा. ‘केव्हापासून?’ याचं उत्तर असेल तर ‘सिन्स’: सिन्स २०१५, सिन्स मॉर्निंग, सिन्स दिवाळी. ‘किती दिवस झाले?’ याचं उत्तर असेल तर ‘फॉर’: फॉर टेन इयर्स, फॉर टू अवर्स. मोजता आलं की ‘फॉर’, कॅलेंडरवर बोट ठेवता आलं की ‘सिन्स’.

नाशिक रोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसचं उदाहरण घेऊ, रोज तिच्या भिंतीवरून जाणारे वर्गात असतातच. ‘द करन्सी नोट प्रेस हॅज बीन प्रिंटिंग नोट्स सिन्स १९२८.’ १९२८ या आकड्यावर बोट ठेवता येतं, म्हणून ‘सिन्स’. तेच ‘फॉर ओव्हर नाइन्टी इयर्स’ असंही म्हणता येईल.

आणि ‘सिन्स लास्ट फाइव्ह इयर्स’ हे आपलं लाडकं वाक्य दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहे. ‘फॉर द लास्ट फाइव्ह इयर्स’ म्हणा, किंवा नुसतं ‘फॉर फाइव्ह इयर्स’.

‘सर मुंबईला गेलेत’ याला ‘सर हॅज बीन टू मुंबई’ म्हटलं तर?

तर समोरचा म्हणेल, ‘बरं, आले का? द्या फोन.’

हे खरंच घडलं आहे. वर्गातली एक मुलगी एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. औषध कंपनीच्या माणसाचा फोन आला, तिने अगदी आत्मविश्वासाने सांगितलं, ‘सर हॅज बीन टू मुंबई.’ तो म्हणाला, ‘ग्रेट, आय विल होल्ड.’ आणि होल्डवर थांबला. ही इकडे रिसीव्हर हातात धरून बसली. सर तेव्हा कसारा घाटात असतील.

‘हॅज बीन टू’ म्हणजे जाऊन आलाय. ‘हॅज गॉन टू’ म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे. मराठीत आपण यात कधीच चुकत नाही. ‘मी वणीला जाऊन आलोय’ आणि ‘बाबा वणीला गेलेत’ यातला फरक पाच वर्षांच्या पोरालाही कळतो. म्हणून सूत्र सोपं आहे: तोंडात ‘जाऊन आलो’ येत असेल तर ‘बीन’, नुसतं ‘गेलाय’ येत असेल तर ‘गॉन’.

‘हॅव यू एव्हर बीन टू सप्तशृंगी?’ म्हणजे कधी गडावर जाऊन आलायस का? इथे ‘गॉन’ घातलं तर प्रश्नच विचित्र होतो, कारण ज्याला विचारतोय तो समोर उभा आहे.

‘बीन टू’ आणि ‘बीन इन’ एकच का?

नाही. ‘ही हॅज बीन टू नाशिक’, येऊन गेलाय. ‘ही हॅज बीन इन नाशिक फॉर टू इयर्स’, दोन वर्षं इथेच मुक्काम आहे.

‘काल मी त्र्यंबकला गेलो होतो.’ मग ‘आय हॅड गॉन टू त्र्यंबक यस्टरडे’ बरोबर ना? ‘होतो’ म्हणजे ‘हॅड’.

‘होतो’ म्हणजे ‘हॅड’ हे समीकरण शाळेत कुणीतरी आपल्या डोक्यात खिळ्याने ठोकलं आहे. मराठी माणूस इंग्रजी बोलतोय हे ओळखायची सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे हा फुकटचा ‘हॅड’.

आपल्या ‘गेलो होतो’मध्ये एक छुपा अर्थ असतो: गेलो आणि परतही आलो, ती गोष्ट आता मागे पडली. काल कुठे होतास, असं विचारलं की ‘त्र्यंबकला गेलो’ हे अर्धवट वाटतं, ‘गेलो होतो’ हे पूर्ण वाटतं. इंग्रजीत हे काम साधा भूतकाळच करतो: ‘आय वेंट टू त्र्यंबक यस्टरडे.’ बस.

‘हॅड’ला इंग्रजीत एक जोडीदार लागतो. भूतकाळात दोन गोष्टी घडल्या आणि त्यातली एक दुसरीच्या आधी घडली, तर आधीचीला ‘हॅड’. ‘व्हेन वी रीच्ड सीबीएस, द वणी बस हॅड लेफ्ट.’ आम्ही सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, पोहोचलो तेव्हा वणीची गाडी सुटली होती. पोहोचणं भूतकाळ, सुटणं त्याच्याही आधीचं. इथे मराठी ‘होती’ आणि इंग्रजी ‘हॅड’ खरोखर जुळले, आणि इथे जुळतात म्हणूनच तिकडेही जुळतील असं आपण धरून चालतो.

तुम्ही ‘आय हॅड गॉन टू त्र्यंबक’ म्हणून थांबलात की इंग्रजी कान पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो. हॅड गॉन, मग काय झालं? घरी चोरी झाली का?

मग ‘हॅड बीन’ कधी?

वरचाच नियम, फक्त चालू दोरी भूतकाळात. ‘वी हॅड बीन वेटिंग फॉर टू अवर्स व्हेन द बस केम.’ दोन तासांपासून थांबलो होतो, मग गाडी आली. आता वाट बघणं संपलंय, म्हणून ‘हॅव’ नाही.

तिसऱ्या रूपाबरोबरचं एक उदाहरण आपल्या मातीतलं. दादासाहेब फाळके त्र्यंबकचे, जन्म १८७०. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मे १९१३मध्ये प्रदर्शित झाला. पण फ्रान्सच्या लुमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईत १८९६मध्येच दाखवली गेली होती. हे एका वाक्यात: ‘व्हेन राजा हरिश्चंद्र वॉज रिलीज्ड, फॉरिन फिल्म्स हॅड ऑलरेडी बीन शोन इन मुंबई.’ १९१३ एक खुंटी, त्याच्या मागे १८९६. फळ्यावर दोन खुंट्या काढा, मागच्या खुंटीला ‘हॅड’ अडकवा.

‘सिंहस्थ हॅज बीन हेल्ड इन २०१५’ हे मी एका माहितीपत्रकात वाचलं. बरोबर आहे का?

नाही. तारीख किंवा साल सांगून मोकळे झालात की ‘हॅव-हॅज’चं काम संपलं. २००३चा सिंहस्थ, २०१५चा सिंहस्थ, दोन्हींना ‘वॉज हेल्ड’. ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन २०१५’, ‘टू डेज अगो’ यातलं काहीही वाक्यात असेल तर ‘हॅज बीन’ घरी ठेवा.

साल न सांगता ‘द सिंहस्थ हॅज बीन हेल्ड हिअर फॉर सेंच्युरीज’ म्हटलं तर एकदम ठीक, कारण परंपरा चालू आहे. मराठीतही ‘भरत आलाय’च म्हणाल.

दिवंगत माणसाबद्दल ‘हॅज बीन’ वापरायचं का?

माणूस कर्ता असेल तर सहसा नाही. कुसुमाग्रज १९९९मध्ये गेले. ‘कुसुमाग्रज हॅज लिव्ह्ड इन नाशिक’ हे वाक्य ऐकणाऱ्याला ते अजून आहेत असं सांगतं. ‘कुसुमाग्रज लिव्ह्ड इन नाशिक फॉर मेनी इयर्स’ म्हणायचं. ज्ञानपीठ त्यांना १९८७चं मिळालं, तिथेही साधा भूतकाळ.

पण त्यांच्या कविता कर्ता झाल्या की ‘हॅव बीन’ परत येतं: ‘हिज पोएम्स हॅव बीन टॉट इन स्कूल्स फॉर डेकेड्स.’ कवी गेले, कविता चालू आहे, आणि हे सगळं इंग्रजी एका ‘हॅव’मध्ये सांगते. तिच्यावर चिडताना एवढं श्रेय तिला द्यायला हवं.

बँकेचा मेसेज येतो: ‘युअर अकाऊंट हॅज बीन डेबिटेड’. इथे ‘बीन’ कशाला? ‘हॅज डेबिटेड’ पुरे की.

‘हॅज डेबिटेड’ म्हटलं तर खात्याने स्वतःच कुणाचे तरी पैसे कापले असा अर्थ होईल. खातं बिचारं काही करत नाही, त्याच्यावर केलं जातं. ‘बीन’ तेच सांगतं. वर्तमानपत्रातली आपली ‘-ण्यात आलं आहे’ ही भाषा: ‘पाणीपुरवठा बंद ठेवण्यात आला आहे’, ‘वाहतूक द्वारका चौकातून वळवण्यात आली आहे’. कुणी ठेवला, कुणी वळवली, ते गुलदस्त्यात. ‘हॅज बीन स्टॉप्ड’, ‘हॅज बीन डायव्हर्टेड’. सरकारी मराठीने कान तयार झालेल्या माणसाला खरं तर हे सगळ्यात सोपं जायला हवं.

‘बीन’ गाळल्यावर काय होतं याचा नमुना पेढ्यांच्या बॉक्ससोबत दर वर्षी ऐकायला मिळतो: ‘माय सन हॅज सिलेक्टेड इन पोलीस!’ अभिनंदन आहेच. पण या वाक्यात मुलानेच कुणाची तरी निवड केली आहे, आणि ती पोलिसांत बसून. ‘माय सन हॅज बीन सिलेक्टेड.’ तसंच ‘आय हॅव ट्रान्स्फर्ड टू धुळे’ हे बोलण्यात चालून जातं, पण बदली साहेबांनी केली असेल तर ‘आय हॅव बीन ट्रान्स्फर्ड’ म्हणा. निदान दोष कुणाचा ते तरी कळेल.

ऑफिसच्या ईमेलमध्येही हे रूप कामाला येतं. ‘द पेमेंट हॅज बीन मेड’, ‘द फाइल हॅज बीन सेंट’. ‘आय हॅव नॉट सेंट द फाइल’ लिहिण्यापेक्षा ‘द फाइल हॅज नॉट बीन सेंट येट’ लिहिलं की चूक कुणाच्याच अंगावर राहत नाही. हा सल्ला व्याकरणाचा नाही, अनुभवाचा आहे.

‘बाळ झोपलंय’ म्हणजे ‘द बेबी हॅज स्लेप्ट’ ना?

नाही, आणि इथे मराठी शेपूट फसवतं. झोपणं, बसणं, उभं राहणं, थांबणं, कपडे घालणं या क्रियापदांत आपण ‘-लंय’ म्हणतो पण अर्थ चालू स्थितीचा असतो. ‘बाळ झोपलंय’ म्हणजे बाळ आत्ता झोपेत आहे: ‘द बेबी इज स्लीपिंग.’ ‘तो बाहेर बसलाय’, ‘ही इज सिटिंग आउटसाइड.’ ‘तिने पैठणी नेसलीय’, ‘शी इज वेअरिंग अ पैठणी.’

आता त्यात ‘पासून’ घाला. ‘बाळ दोन तासांपासून झोपलंय’: ‘द बेबी हॅज बीन स्लीपिंग फॉर टू अवर्स.’ ‘मी मघापासून इथे थांबलोय’: ‘आय हॅव बीन वेटिंग हिअर.’ म्हणजे ‘पासून’ आला की पुन्हा जुन्याच वाटेवर.

‘द बेबी हॅज स्लेप्ट’ म्हणजे बाळाची झोप झाली. ते आता उठलंय आणि तुमचं काम सुरू.

‘आय हॅव बीन नोइंग हिम फॉर टेन इयर्स’ का चुकतं? सगळे नियम तर पाळले.

पाळले खरे. पण माहीत असणं, ओळखणं, आवडणं, मालकीचं असणं ही काही ‘करत राहायची’ कामं नाहीत, म्हणून इंग्रजी त्यांना सहसा ‘आयएनजी’ लावत नाही. ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स.’ गाडीचं: ‘आय हॅव हॅड धिस स्कूटर सिन्स २०१८.’

‘हॅव हॅड’ बघून घाबरू नका, पहिला मदतनीस, दुसरा खरा मालक. ‘आय हॅव हॅड माय लंच’ म्हणजे जेवण झालंय माझं.

‘हू हॅज ईटन द चिवडा?’ आणि ‘हू हॅज बीन ईटिंग द चिवडा?’ यात फरक काय?

पहिल्यात डबा रिकामा आहे, गुन्हा पूर्ण झालाय. दुसऱ्यात डबा निम्म्यावर आलाय आणि रोज थोडा थोडा कमी होतोय. आई दुसरं वाक्य वापरेल तेव्हा पकडले जाण्याची शक्यता जास्त, कारण तिला सवय कळली आहे.

पुस्तकाचंही तसंच. ‘आय हॅव रेड इट’, वाचून झालं. ‘आय हॅव बीन रीडिंग इट’, वाचतोय, अजून चालू आहे. राहणं आणि नोकरी करणं यात मात्र दोन्ही रूपं जवळपास सारखीच: ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’ म्हणालात तरी कुणी हरकत घेणार नाही.

‘सकाळपासून लाईट नाही’ कसं म्हणायचं?

‘देअर हॅज बीन नो पॉवर सिन्स मॉर्निंग.’ ‘लाईट इज नॉट देअर’ म्हटलं तर बाहेरचा माणूस दिवा कुठे ठेवलाय ते शोधायला लागेल. एकापेक्षा जास्त गोष्टी असतील तर ‘देअर हॅव बीन’: ‘देअर हॅव बीन थ्री कॉल्स फॉर यू.’

‘व्हेअर वेअर यू?’ आणि ‘व्हेअर हॅव यू बीन?’

पहिला प्रश्न ठरावीक वेळेचा: काल रात्री दहाला कुठे होतास? दुसरा: इतका वेळ होतास कुठे? जेवण निवलंय. घरातली माणसं दुसरा प्रश्न दारात उभं राहून विचारतात आणि त्याला ठिकाणाचं नाव हे पुरेसं उत्तर नसतं.

‘हाऊ हॅव यू बीन?’ हा त्याचा प्रेमळ भाऊ. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्याला विचारायचा: काय, कसं काय चाललंय इतक्यात? ‘हाऊ आर यू?’ रोजच्या माणसाला. उत्तर ‘आय हॅव बीन फाइन’ किंवा नुसतं ‘गुड, गुड’.

उच्चार ‘बीन’ की ‘बिन’?

आपल्याकडे आणि इंग्लंडमध्ये बहुतेक ‘बीन’. अमेरिकन माणूस ‘बिन’ म्हणतो. दोन्ही बरोबर, एका वाक्यात दोन्ही करू नका एवढंच.

खरी अडचण ‘हॅव’च्या उच्चाराची. पटकन बोलताना ‘आय हॅव बीन’चं ‘आय्व्ह बीन’ होतं, ‘ही हॅज बीन’चं ‘हीज बीन’. तुम्हाला ऐकू येतं फक्त ‘बीन’, आणि मग तुम्हीही ‘आय बीन वर्किंग’ म्हणायला लागता. तो ‘व्ह’ ओठांवर हलका का होईना पण आणा. ‘हीज’ ऐकल्यावर तो ‘ही इज’ आहे की ‘ही हॅज’ हे पुढच्या शब्दावरून कळतं: पुढे ‘बीन’ असेल तर ‘हॅज’च, ‘ही इज बीन’ असं काही नसतंच.

‘ही इज अ हॅज-बीन’ असं ऐकलं. हे कुठलं व्याकरण?

हे नाम आहे. एकेकाळी गाजलेला आणि आता कुणी विचारत नाही असा माणूस. मागे ‘एस’ लावून ‘हॅज-बीन्स’ही म्हणतात. समोरासमोर कुणाला म्हणू नका.

‘वुड हॅव बीन’, ‘मस्ट हॅव बीन’, ‘शुड हॅव बीन’?

पहिल्या शब्दावर लक्ष द्या, ‘हॅव बीन’ मागे मुकाट चालत येतं. ‘मस्ट हॅव बीन’, असणारच: ‘इट मस्ट हॅव बीन लेट’, उशीर झाला असणार. ‘शुड हॅव बीन’, असायला हवं होतं, पण नव्हतं. ‘वुड हॅव बीन’, असतं, जर तसं झालं असतं तर. ‘मे हॅव बीन’, असेलही. या सगळ्यात कर्ता ‘ही’ असो की ‘शी’, ‘हॅव’चं ‘हॅज’ होत नाही. ‘शी मस्ट हॅज बीन’ हे मी दर बॅचला किमान एकदा ऐकते.

‘हॅव बीन बीइंग’ असंही असतं म्हणे?

व्याकरणात असतं. ‘द रोड हॅज बीन बीइंग रिपेअर्ड सिन्स दिवाळी’, दिवाळीपासून रस्त्याची दुरुस्ती करण्यात येत आहे. इतकं जड की इंग्रज माणूससुद्धा ते टाळून ‘दे हॅव बीन रिपेअरिंग द रोड’ म्हणतो. आमच्या वर्गात आजवर एकालाच त्याची गरज पडली. तो ठेकेदाराकडे कामाला होता.